मीटरवरचे काजवे

मे महिना सरत आला की राधानगरीत काजवे बघायला बाहेरून गाड्या येतात. रात्री अख्खं झाड लुकलुकताना बघून माणसं हरखून जातात. तोवर इकडं गाडीची दारं उघडी, आतला दिवा पेटलेला, कुणीतरी गाणी लावून बसलेलं. परत निघताना किल्ली फिरवली की मीटरवर दुसरेच काजवे चमकतात. इंजिनाचा पिवळा दिवा, एबीएसचा, स्टिअरिंगचा, एअरबॅगचा, सगळे एकदम. घरापासून शंभर-दोनशे किलोमीटरवर, मध्यरात्री, त्या बिचाऱ्यांना वाटतं की गाडीचं सगळंच गेलं. खरं तर बहुतेक वेळा एकच गोष्ट गेलेली असते.

पाहुण्यांना हसायचं कारण नाही. मीही त्याच वाटेनं गेलोय. दिवाळीनंतरची गोष्ट. गाडी दोन-तीन आठवडे दारातच उभी होती. एका सकाळी सेल्फ मारला, इंजिन झोपेतून उठल्यासारखं दोन-तीनदा फिरलं आणि लागलं. पण मीटरवर चार दिवे तसेच राहिले आणि स्टिअरिंग दगडासारखं जड. एका गॅरेजात नेली. पोरानं स्कॅनर लावला, पाच-सहा कोड निघाले. "काका, स्टिअरिंगचं युनिट गेलंय, एबीएसचंही बघायला लागंल," म्हणाला आणि त्यानं जो आकडा सांगितला त्यानं माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. बॅटरीला त्यानं हात लावला नाही. खोटं कशाला सांगू, मीही लावला नाही.

त्याच संध्याकाळी उसाला पाणी द्यायला गेलो. बटण दाबलं, मोटर नुसती गुरगुरली, उचलेना. मी काय केलं? स्टार्टरच्या पेटीवरचा काटा बघितला, काटा खाली. 'व्होल्टेज न्हाई' म्हणालो आणि घरी आलो. मोटर उपसून काढली नाही, वाइंडिंग जळलं म्हणून रडलो नाही. भोगावती नदीच्या काठावर ज्याची मोटर आहे तो प्रत्येक जण हेच करतो. मग हेच शहाणपण गाडीच्या दारात आपण का विसरतो, हा प्रश्न मला वाटेत पडला. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वायरमननं बॅटरी तपासली. ती संपलेली होती. नवी बसवली, कोड पुसले, आणि तेव्हापासून त्या चार दिव्यांतला एकही परत लागलेला नाही.

म्हणून हे सांगणं: मीटरवर दिवे लागले की आधी व्होल्टेज बघा, मग बाकीचं.

यात गौडबंगाल काही नाही. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या आपल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबावर आपोआप उघडतात, त्यांना ना वायर लागते ना सेन्सर. जुन्या जीपगाड्याही थोड्याफार तशाच होत्या. एकदा इंजिन लागलं की बॅटरी असली काय, नसली काय. आताची गाडी तशी नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग, आणि १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम. इंजिनाचा एक छोटा संगणक, ब्रेकचा दुसरा, स्टिअरिंगचा तिसरा, एअरबॅगचा चौथा, आणि हे सगळे दोन तारांवरून सतत एकमेकांशी बोलत असतात. सगळ्यांचं पोट त्या एका बॅटरीवर.

सेल्फ मारताना स्टार्टर शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. बॅटरी धडधाकट असेल तर तेवढ्यानंही व्होल्टेज दहाच्या आसपास टिकतं. बॅटरी थकलेली असेल तर ते नऊ, आठ, त्याहूनही खाली घसरतं. तेवढ्या क्षणात एखाद्या संगणकाला अंधारी येते. तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, किंवा अर्धवट जागा राहतो. इंजिनाचा संगणक ब्रेकच्या संगणकाला हाक मारतो, उत्तर येत नाही, म्हणून तो 'ब्रेकवाला बोलत नाही' अशी नोंद करतो. ब्रेकवालाही इंजिनाबद्दल तीच तक्रार लिहून ठेवतो. स्टिअरिंगचं तर विचारूच नका. त्याच्या विजेच्या मोटरला उभ्या गाडीची चाकं वळवताना हेडलाइटच्या कितीतरी पट करंट लागतो. तेवढा मिळत नाही असं दिसलं की ती स्वतःच मदत कमी करते आणि दिवा लावते. म्हणजे दिवा खोटं बोलत नाही. 'मला पुरेसं मिळत नाही' एवढंच तो सांगतो, आणि आपण ऐकतो 'मी मेलो'.

ओळखायचं कसं? एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार दिवे एकाच वेळी लागले तर पहिला संशय बॅटरीवर घ्या. ब्रेक, एअरबॅग आणि स्टिअरिंग एकाच सकाळी ठरवून बिघडत नाहीत. दिवे सेल्फ मारल्यावर लगेच लागतात का, गाडी थोडी पळवली की काही विझतात का, रात्रभर उभी राहिल्यावर पुन्हा तेच होतं का, तेही बघा. घड्याळ बारावर आलं असेल, सेंट्रल लॉक आळसावलं असेल, सेल्फला नुसतं कट-कट वाजत असेल, तर आणखी पुरावा नको. पावसाळ्यात हे जास्त दिसतं. वायपर, हेडलाइट, काच पुसायला ब्लोअर, सगळं एकदम चालू, आणि गाडी धावते किती, तर घरापासून बाजारापर्यंत.

मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभी असलेल्या गाडीचं बोनेट सकाळी सेल्फ मारायच्या आधी उघडा आणि बॅटरीच्या दोन टोकांना तारा लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, बाराच्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा किती खाली जातो ते बघा. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या यांत काहीतरी आहे. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसलं तर डायनामो, म्हणजे आताच्या भाषेत अल्टरनेटर, चार्ज करतोय. काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम वर-खाली केला जातो, तेवढ्यानं घाबरू नका. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा: उभ्या गाडीत १२.६ दाखवणारी बॅटरीही भार पडला की कोसळू शकते. बाहेरून धष्टपुष्ट दिसणारा बैल नांगराला जुंपल्यावर बसतो तसं. त्यासाठी बॅटरीवाल्याकडचा लोड टेस्टर लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

नवी बॅटरी घ्यायला धावायच्या आधी टर्मिनल बघा. आपल्याकडच्या ओल्या हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते. ती वाट अडवते आणि बॅटरी चांगली असूनही गाडी उपाशी राहते. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशनं घासा, कोरडं करा, क्लॅम्प घट्ट आवळा, वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. हे करताना आधी निगेटिव्ह सोडा आणि जोडताना तीच शेवटी जोडा. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी अर्थिंगची जाड तार गंजली असेल तर तीही हेच सगळे दिवे लावते. ती कुणी बघत नाही, कारण ती खाली असते आणि चिखलानं माखलेली असते.

गॅरेजात गेलात तर दिव्यांचा आणि स्कॅनरवरच्या कोडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. 'यू'नं सुरू होणारे कोड म्हणजे संगणकांचं आपापसातलं बोलणं तुटलं होतं. यू०१२१ म्हणजे एबीएसकडून उत्तर आलं नाही. पी०५६२ दिसला तर त्याचा अर्थच व्होल्टेज कमी. मिस्त्रीला हात जोडून सांगा, "आधी बॅटरी तपासा, पूर्ण चार्ज करा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा आणि पुन्हा स्कॅनर लावा." परत येतो तो कोड खरा. त्याच्यावर खर्च करायला हरकत नाही. चांगला मिस्त्री या बोलण्यानं रागावत नाही. बॅटरी काढून जोडल्यावर काही गाड्यांत स्टिअरिंगचा किंवा एबीएसचा दिवा थोडा वेळ राहतो, थोडं अंतर चालवलं किंवा स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवलं की तो जातो. एअरबॅगचा दिवा मात्र काही गाड्यांत स्कॅनरनं पुसल्याशिवाय जात नाही.

आता माझं बोलणं उलटं धरू नका. 'बॅटरीच असणार' म्हणत प्रत्येक दिवा झाकून चालवायचं नाही. चालत्या गाडीत लाल बॅटरीचा दिवा लागला तर चार्जिंग बंद पडलंय, बहुधा पट्टा किंवा अल्टरनेटर. लाल तेलाचा दिवा किंवा तापमानाचा दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही राहिला तर ब्रेक ऑइल बघा. एकटा एबीएसचा दिवा रोज जळत असेल तर चाकाजवळचा सेन्सर खरंच गेलेला असू शकतो. एबीएसचा दिवा असताना साधे ब्रेक लागतात, पण चाक अडकण्यापासून वाचवणारी मदत नसते. दाजीपूरच्या पुढं फोंडा घाट भर पावसात उतरायचा असेल तर हे विसरू नका. एअरबॅगचा दिवा जळतोय तोवर ती वेळेला उघडेल असं धरू नका.

काही जुन्या सवयी सोडायला हव्यात. डायनामो चार्ज करतोय का बघायला चालू इंजिनवर बॅटरीची तार काढायची, ही युक्ती जुन्या मिस्त्र्यांकडून आपण शिकलो. आताच्या गाडीत तसं केलं तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि जे संगणक नुसते उपाशी होते ते खरंच जळू शकतात. दुसरी सवय ऊस वाहणाऱ्या ट्रकवरून करंट घ्यायची. बऱ्याच मोठ्या ट्रकना दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात, आपल्या गाडीला १२. ट्रकवाला मदतीला धावून आला तरी आधी त्याला व्होल्ट विचारा. दुसऱ्या कारवरून घेताना लाल तार आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग त्याच्या प्लसला. काळी त्याच्या मायनसला आणि दुसरं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्याजवळ नको. आणि धक्का मारणं? ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं सुरू होत नाही. गिअरची होऊ शकते, पण घाटात उतारावर सोडून बघू नका. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

मुंबई-पुण्याला नोकरी आणि गाडी गावातल्या दारात, अशी घरं आपल्याकडं पुष्कळ. त्यांच्यासाठी एक हिशेब. गाडी कुलूपबंद असली तरी घड्याळ, अलार्म आणि संगणक मिळून समजा ३० मिलिअँपिअर खातात. महिन्याला ते साधारण २१-२२ अँपिअर-तास होतात. लहान गाडीची बॅटरीच ३५ अँपिअर-तासांची. जीपीएस किंवा डॅशकॅम बसवला असेल तर महिनाही लागत नाही. बॅटरी अशी रिकामी पडून राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि नंतर कितीही चार्ज केलं तरी ती पूर्वीसारखी भरत नाही. 'मी गावी फोन करून आठवड्याला पाच मिनिटं गाडी सुरू करायला सांगतो,' असं कित्येक जण सांगतात. पाच मिनिटांत आठवडाभरात गेलेलंही धड भरून निघत नाही. त्यापेक्षा शेजारच्या जाणत्या पोराला रविवारी कोल्हापूरला गाडी घेऊन जाऊ दे. पन्नासेक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं, बॅटरी भरते आणि पोरगंही खूश. तेही जमत नसेल तर मुंबईला जाताना दहा नंबरच्या पान्यानं निगेटिव्ह सोडून ठेवा. आल्यावर जोडा, घड्याळ लावा.

आणि बॅटरी खरंच संपली असेल तर जुनी तिथंच दुकानात द्या. नवीच्या किमतीतून तिचे पैसे वजा होतात. भंगारात दिली तर कुणीतरी शिसं काढून घेतो आणि ॲसिड ओढ्यात ओततो. तो ओढा भोगावतीला मिळतो, आणि तिथंच आपली मोटर पाणी उचलते.