विश्लेषण : घरच्या अडचणीत अडकलेल्या कर्मचाऱ्याला सांभाळायचे कसे?

मुलाचे आजारपण, घटस्फोटाचा दावा, थकलेले कर्जाचे हप्ते... कारण काहीही असो, एरवी चोख काम करणारा कर्मचारी अचानक चुका करू लागतो, उशिरा येतो. अशा वेळी वरिष्ठ एकतर काणाडोळा करतात किंवा थेट मेमो हातात देतात. दोन्हींत चांगला माणूस गमावण्याचा धोका असतो.

प्रश्न किती मोठा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, नैराश्य आणि चिंताविकारामुळे जगभरात दरवर्षी कामाचे सुमारे १२०० कोटी दिवस वाया जातात. त्यामुळेच संघटनेने २०२२ मध्ये व्यवस्थापकांना प्रशिक्षण देण्याची शिफारस केली.

बोलायचे काय?

सुरुवात कामापासून करावी. ‘तुमचे लक्ष नसते’ हा शेरा झाला. ‘गेल्या आठवड्यात दोन अहवाल उशिरा आले, एरवी असे होत नाही. काही अडचण आहे का?’ ही विचारपूस झाली. समोरचा सांगेल तेवढेच ऐकावे, खोदून विचारू नये. ऐकलेले चहाच्या टपरीवर पोहोचले, तर पुन्हा कोणी मन मोकळे करणार नाही.

कायदा काय देतो?

महाराष्ट्रातील २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत. वर्षात २४० दिवस काम केल्यास दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. घरच्यांच्या आजारपणासाठी मात्र वेगळी रजा नाही. साठा संपला की सारे वरिष्ठांच्या मर्जीवर. म्हणूनच सवलतीचे नियम आधी ठरलेले आणि सर्वांना सारखे हवेत.

सवलत किती काळ?

वेळेत बदल, घरून काम, कामाचा भार कमी करणे हे पर्याय आहेत. पण त्यांना महिना-दीड महिन्याची लेखी मुदत हवी, नंतर आढावा हवा. अन्यथा सारा बोजा सहकाऱ्यांवर पडतो आणि कुरबुर सुरू होते. त्यांना कामाची नवी वाटणी सांगावी, कारण नव्हे. यंत्रावर किंवा वाहनावर काम असेल, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी दुसरे काम द्यावे.

वरिष्ठ हा समुपदेशक नव्हे. त्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत उपलब्ध आहे. एवढे करूनही सुधारणा झाली नाही, तर मेमो आहेच; पण तो पहिला नव्हे, शेवटचा उपाय असावा.