दोन फुटांच्या टाकीत कोणते मासे? ‘शार्क’ नकोच, झेब्रा चालेल!

अॅक्वेरियमच्या दुकानात जवळपास सगळेच मासे बोटभर दिसतात. कारण साधे आहे, त्यातली बरीचशी पिल्ले असतात. त्यामुळे ‘या टाकीत किती मासे मावतील?’ हा प्रश्नच चुकीचा. हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, हे आधी विचारा.

‘शार्क’ या नावाने मिळणारे रुपेरी पिल्लू बघा. तो शार्क नाहीच, पंगास आहे; हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तोच. वाढला की मीटरभर होऊ शकतो. ऑस्कर फूटभर होतो. काच साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकरही तेवढाच वाढतो, आणि मग कुणीतरी तो तळ्यात सोडून देतो. मूळ दक्षिण अमेरिकेतला हा मासा उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, तो तिथे पोहत आलेला नाही.

गोल्डफिशचे तर आपण काचेच्या गोल भांड्याशी लग्नच लावून दिले आहे. प्रत्यक्षात तो सहा-आठ इंच वाढतो, नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो आणि घाणही भरपूर करतो.

आता हिशेब. ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरची टाकी म्हणजे ५४ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरते जेमतेम ४५ लिटर. मासे अमोनिया सोडतात, आणि पाणी कमी तितका तो लवकर साचतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आणि मासे एकाच दिवशी आणू नका, दुकानदार काहीही म्हणो. नळाच्या पाण्यातले क्लोरीनही आधी काढावे लागते.

माझी पहिली पसंती झेब्रा डॅनिओला. आपल्याच देशातल्या ओढ्या-नद्यांतला, दीड-दोन इंचांचा, काटक मासा. सहा-आठ एकत्र घ्या आणि टाकीला झाकण लावा, कारण तो उड्या मारतो. गप्पी हवे असतील तर फक्त नर घ्या. नाहीतर दोन महिन्यांत टाकीचे पाळणाघर होते. फायटर ठेवायचा तर एकटाच, तोही किमान २० लिटर पाण्यात. वर येऊन हवा घेता येते म्हणून तो बाटलीत तगतो, एवढेच. सह्याद्रीतला मिस केरळ कितीही देखणा असला तरी चार-पाच इंच वाढतो आणि थव्याने राहतो. त्याला दोन फुटांत कोंडू नये.

अॅक्वेरियम दुकानांसाठी केंद्राने २०१७ मध्ये नियम आणले आणि त्याच वर्षी मागेही घेतले. निदान किमतीशेजारी माशाची पूर्ण वाढीची लांबी लिहिणे सक्तीचे करायला काय हरकत होती? तोपर्यंत दुकानात उभ्या-उभ्या मोबाइलवर माशाचे नाव टाकून लांबी बघा, मगच पैसे द्या.