केसपेपर जाईल; पण रुग्णाचे काय?

सार्वजनिक रुग्णालयांतील कागदी केसपेपर हद्दपार करून रुग्णाची सारी नोंद संगणकावर ठेवावयाची, असा चंग शासनाने बांधला आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ देशभर लागू केले, नागरिकांना १४ अंकी ‘आभा’ क्रमांक देण्यास आरंभ केला, आणि रुग्णालयांच्या संगणकीकरणास वेग आला. या उपक्रमाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु रुग्णालयात संगणक बसविणे आणि संगणकाच्या साहाय्याने रुग्णालय चालविणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पहिली निविदेने साधते. दुसरीला माणसे लागतात. आमचे राज्यकर्ते नेमके या दुसऱ्या गोष्टीकडे पाठ फिरवून पहिलीच्या उद्घाटनाची फीत कापावयास धावतात, म्हणूनच आज हे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. जव्हार-मोखाड्याहून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात येणारा गरीब रुग्ण आपला सारा पूर्वेतिहास प्लॅस्टिकच्या एका पिशवीत घेऊन येतो. त्या पिशवीत अर्धवट फाटलेले केसपेपर, पावसात भिजलेल्या चिठ्ठ्या आणि एक्स-रेची गुंडाळी असते. त्यातला एखादा कागद हरवला की तीच रक्ततपासणी पुन्हा, तीच सोनोग्राफी पुन्हा, आणि एका दिवसाची मजुरीही पुन्हा बुडते! पेनिसिलीन सोसत नाही ही एक ओळ ज्या कागदावर लिहिलेली असते, तो कागद घरी राहिला तर प्रसंग जिवावर बेततो. हे सारे टाळण्याचे सामर्थ्य संगणकीय नोंदीत आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

मात्र तेच सामर्थ्य घाईने वापरले तर काय होते, याचा दाखला अमेरिकेतील पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाने घालून दिला आहे. तेथे २००२ साली, अवघ्या सहा दिवसांत, सर्व रुग्णालयभर औषधे व तपासण्यांच्या आज्ञा संगणकावरून देण्याची पद्धत सुरू झाली. इतर रुग्णालयांतून तेथे हलविलेल्या अत्यवस्थ बालकांतील मृत्यूचे प्रमाण आधीच्या काळात २.८० टक्के होते. नंतरच्या पाच महिन्यांत ते ६.५७ टक्के आढळले, असे तेथीलच डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केले. पूर्वी मूल रुग्णवाहिकेत असतानाच त्याची औषधे सिद्ध करून ठेवता येत. आता ते रुग्णालयात पोहोचून त्याची नोंदणी होईपर्यंत यंत्र आज्ञाच स्वीकारीना. जो वेळ मुलाच्या उशाशी जावयाचा, तो पडद्यासमोर जाऊ लागला. अतिदक्षता विभागात हाताशी असणारी औषधेही मध्यवर्ती औषधालयात गेली. ही मृत्युवाढ निखळ यंत्रामुळे झाली काय, याविषयी तज्ज्ञांत वाद झाला. परंतु वादाचा निकाल काहीही लागो, रुग्णालयाची कामाची घडी समजून न घेता यंत्र लादले की रुग्णसेवेची वाट अडते, एवढे त्यातून निःसंशय दिसले.

आणि या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. तीच प्रणाली सिॲटलच्या बालरुग्णालयात बसविली गेली, आणि तेथे मृत्यूचे प्रमाण वाढले नाही, असे २००६ साली नोंदविले गेले. तेथे पिट्सबर्गचा अनुभव आधीच अभ्यासला गेला होता. पुढे २०१० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालरुग्णालयाने तर अशाच पद्धतीनंतर मृत्यूचे प्रमाण पाचव्या हिश्श्याने घटल्याचे जाहीर केले. यंत्र एकच, फळ मात्र भिन्न! मग दोष किंवा श्रेय यंत्राच्या पदरी कसे बांधावयाचे? लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयाने डॉक्टरांच्या विरोधामुळे आपली नवी प्रणाली २००३ साली गुंडाळून ठेवली. ज्यांनी वापरावयाचे त्यांनाच सोबत न घेतल्याचे ते प्रायश्चित्त होते.

परदेशाचे दाखले दूरचे वाटत असतील, तर दिल्ली जवळ आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि देशातील सर्वश्रेष्ठ रुग्णालयाचा कारभार कित्येक दिवस पुन्हा कागदावर चालवावा लागला. जाळ्याचे विभाग नीट वेगळे राखले नव्हते, हे सरकारनेच संसदेत मान्य केले. आमच्या महाराष्ट्रातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील संगणकीय व्यवस्था त्याच वर्षी बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले. तेथे कोणी चोर शिरला नव्हता. शासन आणि पुरवठादार यांच्यातील व्यवहार फिसकटला होता. दोघांच्या भांडणात रुग्णाचा इतिहास ओलीस राहावा, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, प्रणाली ठरविताना परिचारिका, निवासी डॉक्टर, औषधनिर्माते आणि नोंदणीच्या खिडकीवरील कारकून यांचे म्हणणे आधी ऐकावे. सचिवालयातील सादरीकरण पाहून सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची गर्दी कळत नाही. दुसरी, आरंभ एका विभागापासून करावा, आणि त्या आठवड्यांत तेथे जादा मनुष्यबळ द्यावे. एका परिचारिकेकडे आधीच दोन परिचारिकांचे काम असताना तिच्या हाती कीबोर्ड देणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना होय. तिसरी, वीज किंवा जाळे बंद पडल्यास कागदावर काम कसे करावयाचे, याची तालीम प्रत्येक वॉर्डात नियमाने व्हावी. चौथी, करार कोणाशीही होवो, तो संपताच सारी माहिती वाचता येईल अशा स्वरूपात रुग्णालयाच्या हाती आली पाहिजे. त्याची हमी करारातच हवी.

पाचवी मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. ही नोंद शासनाची नव्हे, कंपनीचीही नव्हे. ती रुग्णाची आहे. क्षय, मनोविकार, गर्भपात अशा गोष्टी माणूस डॉक्टरला विश्वासाने सांगतो. आरोग्यविषयक माहितीच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ साली प्रसिद्ध केला. त्याचा कायदा झाला नाही. २०२३ साली व्यक्तिगत माहितीचा सर्वसाधारण कायदा संमत झाला, पण कोणी कोणाची नोंद उघडली याचा हिशेब खुद्द रुग्णालयानेच ठेवल्यावाचून कायद्याचे अक्षर कोरडेच राहील. ‘आभा’ क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कोणाही रुग्णास खिडकीवरून परत पाठविता कामा नये. आणि ज्याची नोंद, त्याला ती मराठीत समजली पाहिजे, मागताच कागदावरही मिळाली पाहिजे. ज्याच्या घरी स्मार्टफोन नाही, त्याचे आजारपण काही कमी खरे नसते.

विज्ञानाला विरोध करणाऱ्यांच्या पंगतीत आम्ही बसत नाही. पण रुग्णालय हे प्रयोगाचे मैदान नव्हे, आणि तेथील चूक खोडरबराने पुसता येत नाही. किती संगणक बसले आणि किती लाख क्रमांक वाटले, याचे आकडे शासनाने खुशाल छापावेत. आम्ही मात्र वेगळा हिशेब मागू. रुग्णाची रांग आखूड झाली काय, औषधाची चूक कमी झाली काय, आणि डॉक्टरने पडद्यावरची नजर काढून रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहिले काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी येतील, त्या दिवशीच ही योजना यशस्वी झाली असे आम्ही म्हणू, तोवर नाही!