गवताचा भारा आणि फुलदाणी



पावसाळा सरला की नदीकाठी काश गवताचे पांढरे तुरे डोलू लागतात. आमची मुलगी त्यातले दहाबारा तुरे तोडून घरी घेऊन आली. म्हणाली, "आई, हे वाळवून फुलदाणीत ठेवू. बाजारात असल्याच तुऱ्यांना पैसे मोजावे लागतात."

सासूबाई दारात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गवताचे भारे वाहून वाहून माझ्या टाळूवरचे केस गेले. पोरांच्या डोक्यावर भारा नको म्हणून त्यांना शिकवलं. आणि आता तेच गवत घरात सजवून ठेवतेस?"

आम्ही गप्प झालो. भारा विकला तरच संध्याकाळचे पीठ, असे दिवस त्यांनी काढले आहेत. मुलीने तुरे मैत्रिणीला देऊन टाकले.

पण तिने हौस सोडली नाही. जानेवारी सरता सरता तेलाच्या जुन्या डब्याला खाली भोके पाडली, माती भरली आणि गॅलरीत मूठभर बाजरी पेरली. रोपे वाढली तशा सासूबाईच डबा उन्हाकडे फिरवू लागल्या, चिमण्या हाकलू लागल्या. मुलीने त्यांना सांगितले, की अमेरिकेत २००३ साली 'पर्पल मॅजेस्टी' नावाच्या जांभळ्या बाजरीला शोभेचे रोप म्हणून सुवर्णपदक मिळाले. सासूबाई हसून म्हणाल्या, "आपली भाकर ती त्यांची शोभा होय?" मग म्हणाल्या, "दाणा दुधात आहे तोवर काप. पिकला की झडेल, आणि घरात उंदीर येतील."

कणसे वाळवण्याची रीत सोपी आहे. दव पूर्ण वाळल्यावर, दुपारच्या वेळी कणसे कापावीत. दांडी हातभर लांब ठेवावी. पाने काढून टाकावीत, कारण त्यात ओल राहते. पाचसहा कणसांची सैल जुडी रबराने बांधावी. वाळताना दांड्या बारीक होतात. दोरा ढिला पडून कणसे निसटतात, रबर मात्र धरून ठेवते. जुडी खाली तोंड करून टांगावी म्हणजे दांड्या सरळ राहतात. जागा कोरडी, अंधारी आणि वारा खेळणारी हवी. उन्हाने रंग उडतो, आणि चुलीजवळ वाफ व तेलकटपणा धरतो. दोनतीन आठवड्यांनी दांडी वाकवून पाहावी. कट्‌कन मोडली की वाळली. फुलदाणीत पाणी घालायचे नाही.

काशासारखे पिसांचे तुरे वाळवायचे असतील तर ते नुकतेच बाहेर पडत असताना कापावेत. पूर्ण फुललेल्या तुऱ्याचा कापूस घरभर उडतो. पाणकणीसही कोवळे, घट्ट असतानाच आणावे. कुसळी गवत मात्र लहान मुलांच्या घरात नकोच. त्याची कुसळे कपड्यांतून अंगात रुततात.

वाळलेले गवत क्षणात पेट घेते. भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे आपण मेणबत्ती लावतो, तेथे ही फुलदाणी ठेवू नये. पावसाळ्यात जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी. बुरशी दिसली तर मोह न धरता टाकून द्यावी.

आमच्या घरी बाजरीची सात कणसे पितळी तांब्यात उभी आहेत. पाहुणे विचारतात तेव्हा सासूबाई सांगतात, "आमच्या गॅलरीतली आहेत." पदरचा खर्च म्हणाल तर मूठभर बाजरी आणि एका रबराचा.

काशाला मात्र त्यांनी अजून उंबरा ओलांडू दिलेला नाही. मुलगीही आता त्याचे नाव काढत नाही. परवा तिने आजीजवळ बसून विचारले, "आजी, एक भारा केवढ्याला जायचा गं?" सासूबाई बराच वेळ सांगत होत्या. एवढी वर्षे घरात राहून हे आम्हीही कधी त्यांना विचारले नव्हते.