पाळीचं दुखणं: सोसायचं तरी किती?



"मुलगी दहावीत आहे. दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडते, पोट धरून पडून राहते. सासूबाई म्हणतात, आम्ही नाही का सोसलं? लग्न झालं, मूल झालं की थांबेल. मी काय करू?"

हा प्रश्न एका घरातला नाही, म्हणून उत्तर सर्वांसाठीच देते.

पहिलं म्हणजे, मुलगी ढोंग करीत नाही. पाळी येणाऱ्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना दर महिन्याला एकदोन दिवस तरी दुखतं. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात आणि कळ उठते. ही द्रव्ये जास्त, तर कळाही जास्त. मळमळ आणि जुलाब हेही बहुधा त्यांच्यामुळेच. ज्यांची पाळी लहान वयात सुरू झाली, ज्यांना अंगावरून जास्त जातं, ज्यांच्या आईला किंवा बहिणीला हाच त्रास आहे, त्यांना तो अधिक होतो. मनावरच्या ताणानेही दुखणं वाढतं.

मग उपाय काय? गरम पाण्याच्या पिशवीने ओटीपोट शेकावं. एरवी नियमित चालणं, व्यायाम ठेवावा. पाळीत जमेल तेवढं हिंडावं-फिरावं. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची गोळी ही द्रव्येच कमी करते. डॉक्टरांना विचारून, काही खाऊन, दुखू लागताच घ्यावी. असह्य होईपर्यंत थांबू नये. मात्र पोटात अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ती परस्पर मुळीच घेऊ नये.

राहिली सासूबाईंची गोष्ट. बाळंतपणानंतर काहींचं दुखणं कमी होतं हे खरं. पण म्हणून लग्न हे काही औषध नव्हे! पंधरा वर्षांच्या पोरीने तोवर कळा का सोसाव्यात?

आता थोडं तुमच्याविषयी. इतकी वर्षं न दुखणारी पाळी तिशी-पस्तिशीत दुखू लागली, दुखणं दरवर्षी वाढत चाललं, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, पतीजवळ जाताना किंवा शौचाच्या वेळी कळ येते, गोळीनेही आराम पडत नाही, यांपैकी काहीही असेल तर अंगावर काढू नका. गर्भाशयातल्या गाठी, जंतुसंसर्ग किंवा एंडोमेट्रिओसिस यामागे असू शकतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. मूल होण्याच्या वयातल्या दहापैकी साधारण एका स्त्रीला तो असतो, आणि त्याने गर्भ राहायलाही अडचण येऊ शकते. तांबी बसवल्यावरही काहींचं दुखणं वाढतं.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला एवढंच सांगते: स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाळीची तारीख, किती दिवस दुखलं, किती शाळा बुडली, हे लिहून ठेवा. शाळा बुडते आहे तेव्हा फार महिने वाट पाहू नका, हे टिपण घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. आणि जमलं तर सासूबाईंनाही सोबत न्या. त्यांनी सोसलं तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. नातीला तरी विचारू या.