जुन्या जॅग्वारची खरी हवा

वडनेरजवळ हायवेच्या कडेला बाईक लावून पाच मिनिटं थांबा. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरून भरधाव ट्रक जवळून गेला की आधी तो तुम्हाला बाहेर ढकलतो आणि लगेच आपल्याकडे ओढतो. बाईक हलते, तोंडाला बांधलेला दुपट्टा सुटतो. हिंगणघाटला रोज अप-डाउन करणाऱ्या पोरापोरींना हे अंगानेच कळलेलं असतं. ट्रकच्या तोंडापुढे हवा दाबली जाते, मागे दाब कमी होतो. पुस्तकातलं एरोडायनॅमिक्स हेच.

ही हवा आता लॅपटॉपवर बघता येते. त्याला सीएफडी म्हणतात. गाडीभोवतीच्या जागेचे लाखो बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यातला हवेचा वेग अन् दाब, शेजारच्या तुकड्यांशी हिशेब जुळेपर्यंत, कॉम्प्युटरकडून पुन्हा पुन्हा काढून घ्यायचा. समीकरणं एकोणिसाव्या शतकातली आहेत, नेव्हियर आणि स्टोक्स यांची. ती सोडवायचा दम मात्र यंत्रात आत्ता आला. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यातला टाटांचा 'एका' हा महासंगणक जगात चौथा होता, तेव्हा पेपरात केवढ्या बातम्या आल्या होत्या! आज गाडीचं एक साधं गणित सोळा जीबी रॅमच्या लॅपटॉपवर रात्रभरात निघू शकतं.

म्हणून मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला कुणी ना कुणी स्पोर्ट्स कार घेऊन बसतोच. घरी विचारतात, "काय करून राह्यला बे रात्रभर? गाडीचे चित्रं?" प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं असं की, करा, बिनधास्त करा. फक्त काल शोरूममध्ये आलेली लॅम्बोर्गिनी घेऊ नका. जुनी गाडी घ्या, जिची हवा कुणीतरी आधीच खरोखर मोजलेली आहे.

कारण सांगतो. सीएफडीचं सॉफ्टवेअर कधी 'मला जमलं नाही' म्हणत नाही. चुकीचं काहीही भरा, ते शेवटी लाल-पिवळं-निळं चित्र काढून देतंच. या धंद्यातलेच लोक सीएफडीचा अर्थ गमतीने 'कलरफुल फ्लुइड डायनॅमिक्स' असा सांगतात. नव्या गाडीवर तुम्ही काढलेला आकडा बरोबर की चूक हे ना तुम्हाला कळतं, ना सरांना. मग व्हायव्हात लाल म्हणजे जास्त दाब, निळा म्हणजे कमी दाब एवढं बोललं की मार्क मिळतात. असले प्रोजेक्ट रिपोर्ट तयार विकत मिळतात हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. चार वर्षांची फी भरून हाती रंगीत प्रिंटआउट येणार असेल, तर घरच्यांच्या त्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं?

आता जॅग्वार ई-टाइप घ्या. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये ही गाडी आली आणि लोक वेडे झाले. लांबलचक नाक, गोलाई अशी की वाऱ्यानेच घासून काढली असावी. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने पुढे ती आपल्या संग्रहात घेतली. आकार काढणारा माल्कम सेयर हा मूळचा विमानांचा माणूस, ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीतला. कॉम्प्युटर नव्हता, वक्ररेषा तो गणिताने काढायचा, आकडेमोड हाताने. त्याच्याच हातच्या डी-टाइपने १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षं ल मां जिंकली होती. (२००८ पासून जॅग्वार टाटा मोटर्सची आहे, म्हणजे मालक आपले मुंबईचे. ई-टाइपवर काम करताना थोडा हक्क दाखवायला हरकत नाही.)

एवढं सगळं असून ई-टाइपचा ड्रॅग कोइफिशंट किती? मोजलेला म्हणून नेहमी दिला जाणारा आकडा आहे ०.४४ च्या आसपास. हा आकडा जितका लहान तितकी गाडी हवेतून सहज जाते. आजच्या कितीतरी साध्या, घरगुती सेडान ०.३० च्या खाली असतात. म्हणजे साठ वर्षं जी वाऱ्यासारखी दिसते आहे, ती हवेच्या हिशेबात मागे आहे.

याचा अर्थ खिशाला कसा लागतो तेही बघा. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. समोरचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरलं, तर ०.४४ वाल्या गाडीला या वेगात नुसती हवा कापायला साधारण १८ हॉर्सपॉवर लागतात. वेग दुप्पट केला की विरोध चौपट आणि लागणारी ताकद आठपट, म्हणजे १४४ हॉर्सपॉवर. तोच आकडा ०.३० असता तर शंभराच्या आत भागलं असतं. जाता जाता, आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांवर हवा जानेवारीच्या पहाटेपेक्षा दहाएक टक्के विरळ असते. इंटरनेटवरून उचललेली घनता तशीच्या तशी टाकू नका, वर्ध्याच्या उन्हाची टाका. बल बदलेल, कोइफिशंट जवळपास तोच राहील. का, ते तुमचं तुम्ही शोधा.

आणि इथे खरी मजा सुरू होते. नेटवरून ई-टाइपचं थ्रीडी मॉडेल उतरवून तुम्ही गणित लावलं की पहिला आकडा बहुधा ०.४४ पेक्षा बराच कमी येईल. गाडी कागदावर अचानक सुंदर धावायला लागेल! खूश होऊ नका. त्या मॉडेलचं पोट खाली टेबलासारखं सपाट असतं. खऱ्या गाडीच्या पोटाखाली एक्झॉस्ट, सस्पेन्शन, नळ्या सगळं लोंबत असतं. मॉडेलचं तोंड बंद असतं. खऱ्या गाडीत हवा तोंडातून आत शिरते, रेडिएटरला धडकते, इंजिनाभोवती घुटमळते आणि कशीबशी बाहेर पडते. मॉडेलची चाकं थांबलेली, रस्ताही थांबलेला. खऱ्या गाडीची तारांची चाकं हवा घुसळत असतात. पोट खडबडीत करा, तोंड उघडा, चाकं फिरवा, आणि प्रत्येक वेळी आकडा किती हलला ते वहीत लिहा. चार रात्री गेल्यावर तुम्हाला कळेल की सेयरची ती सुंदर वरची रेषा फारशी दोषी नव्हती. खालून आणि आतून जाणाऱ्या हवेचा हिशेब त्या काळात हाताने होण्यासारखा नव्हता. हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसेल, स्वतः शोधलेलं असेल.

ड्रॅगवर थांबू नका, कारण माणसं मरतात ती ड्रॅगने नाही. वरून वळसा घालून जाणारी हवा गाडीला विमानाच्या पंखासारखी वर उचलते. पोर्शे ९११ ची मागची उतरती पाठ दिसायला देखणी, पण वेगात मागची चाकं हलकी व्हायची. १९७२ मध्ये आलेल्या कॅरेरा आरएस २.७ ला पोर्शेने बदकाच्या शेपटीसारखा एक छोटा उंचवटा मागे लावला आणि ती उचल बरीच कमी झाली. पंचवीसेक वर्षांनी ऑडीने गोल पाठीची टीटी आणली, मागे काहीच न लावता. जर्मनीत भरवेगातले जीवघेणे अपघात झाले, तेव्हा कंपनीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर बसवला, सस्पेन्शनही बदललं. गाडी तीच ठेवून शेपूट लावलेली आणि न लावलेली अशी दोन गणितं करून बघा, फरक डोळ्यांनी दिसेल. मग गावात डिक्कीवर नुसताच डौलासाठी पंख ठोकलेली एखादी जुनी होंडा सिटी दिसली की तुम्हाला वेगळंच हसू येईल.

पैशांचं कारण सांगू नका. ओपनफोम हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि त्याच्यासोबत सरावासाठी मोटरसायकलस्वाराचं एक तयार उदाहरणही येतं. आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प त्याचं शिकण्याचं साहित्य देतो, विद्यार्थ्यांकडून केस स्टडीही करून घेतो. मेमरीचा ढोबळ हिशेब दहा लाख तुकड्यांना एक जीबी. आधी वीस लाख तुकड्यांवर करा, मग चाळीसवर, मग ऐंशीवर. आकडा हलायचा थांबला नाही तर तो आकडा अजून कुणाला दाखवायचा नाही, गर्लफ्रेंडलाही नाही.

थेट ई-टाइपवर उडी मारायची भीती वाटत असेल तर 'अहमद बॉडी'पासून सुरुवात करा. १९८४ मध्ये एस. आर. अहमद आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत एक पावासारखा ठोकळा पवनबोगद्यात तपासला, लांबी १०४४ मिलिमीटर, मागची बाजू तिरपी कापलेली. हा तिरपेपणा वाढवत नेला की ड्रॅग आधी थोडा कमी होतो, मग वाढत जातो आणि ३० अंशांच्या आसपास एकदम धाडकन खाली येतो. तुमच्या गणिताला ती उडी सापडते का बघा. बऱ्याच जणांच्या गणिताला सापडत नाही, आणि का सापडत नाही यावर जगभरात अजून पेपर लिहिले जातात. वडनेरच्या पोराने त्या रांगेत उभं राहायला कुठल्याही व्हिसाची गरज नाही.

नोकरी लागेल का? पुण्यातल्या गाडी कंपन्या आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या इंजिनिअरिंग फर्म हेच काम रोज करतात, तेवढं खरं. पण तिथे चित्र दाखवणारे ढिगाने जातात. तुमच्या रिपोर्टमध्ये एक साधा तक्ता असू द्या. एका रकान्यात मोजलेला आकडा, दुसऱ्यात तुमचा, तिसऱ्यात फरक का पडला याचा तुमचा अंदाज. फरक वीस टक्के असला तरी चालेल, तो लपवू नका. मुलाखत घेणारा माणूस तिसऱ्या रकान्यावर थांबेल.

आणि एकदा हात बसला की गाडी बाजूला ठेवून घरच्या कूलरकडे वळा. विदर्भातल्या घराघरात तो लोखंडी डबा उन्हाळाभर घरघरतो. तीन बाजूंना ताट्या, मध्ये पंखा, खाली पाणी. वर्षानुवर्षं तोच आकार, कारण पत्र्याच्या दुकानात तसाच कापतात. तीन ताट्यांतून सारखी हवा येते का? पंख्याचं तोंड चार इंच पुढे सरकवलं तर वीजबिल कमी होईल का? जॅग्वारच्या तोंडातली हवा ज्याने शोधली त्याला हे अवघड नाही. मोजणीसाठी पवनबोगदाही नको. तीन ताट्यांसमोर दोऱ्याचे तुकडे लटकवा आणि कूलर सुरू करा.