खडकालाही टीपी द्या

प्रति,
अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक,
कांदळवन कक्ष, महाराष्ट्र वन विभाग, मुंबई

विषय : खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी कृत्रिम लाइव्ह रॉक तयार करणे व त्याला अधिकृत दाखला देणे



ब्रह्मपुरीहून वन खात्याला पत्रं जातात ती वाघाबद्दल, रानडुकरांनी उकरलेल्या धानाच्या बांध्यांबद्दल, नाहीतर तेंदूपत्त्याच्या बोनसबद्दल. हे पत्र समुद्राबद्दल आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, तरी घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे थोडे लोक आमच्याही भागात आहेत. मी त्यांतला एक. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम कृत्रिम समुद्री मीठ विरघळवायचं आणि त्यात क्लाउनफिशची जोडी वाढवायची. समुद्र कधीही न पाहिलेली शेजारची पोरं या टाकीसमोर तासन्‌तास बसतात. समुद्राची त्यांची पहिली ओळख हीच.

या टाकीचा सगळा भार लाइव्ह रॉकवर असतो. नावात ‘लाइव्ह’ असलं तरी मूळ वस्तू मेलेल्या प्रवाळाचा सच्छिद्र सांगाडा आहे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जिवंत असतं ते त्याच्या छिद्रांत राहणारं : जिवाणू, गुलाबी-जांभळं चुनखडी शेवाळ, बारीक किडे, स्पंज. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. खडकाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खडकाच्या पोटात प्राणवायू पोहोचत नाही, तिथले जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून टाकतात. एवढं काम बिनबोभाट करणारं यंत्र बाजारात सहज मिळत नाही. जुन्या ठोकताळ्याप्रमाणे 200 लिटरच्या टाकीला 20 ते 30 किलो खडक लागतो. किलोमागे शंभर रुपये वाढले की एका टाकीमागे दोन ते तीन हजारांचा फरक पडतो.

आणि भाव वाढतच चालले आहेत. कारण उघड आहे, आणि ते कारण मला मान्य आहे. 2001 मध्ये केंद्र सरकारने भित्ती बांधणारी प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे (गॉर्गोनियन) हे सगळे वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये घातले. ज्या यादीत आमचा वाघ आहे, तीच यादी. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षांची शिक्षा. 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, परदेशातून येणाऱ्या काही जिवंत प्रजातींच्या नोंदणीचंही बंधन आलं. हे सगळं हवंच होतं. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी आणि सिमेंटसाठी वर्षानुवर्षं प्रवाळ खणलं गेलं, आणि तिथल्या 21 बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली. मालवणच्या सागरी अभयारण्यातला एकही दगड माझ्या टाकीसाठी उचलला जावा, असं मला वाटत नाही.

मग अडचण कुठे आहे? मागणी राहिली आणि कायदेशीर पुरवठा उरला नाही, तिथे. लाइव्ह रॉक आजही विकला जातो. फोनवर भाव ठरतो, तो दर खेपेला वेगळा असतो. पार्सलवर ‘डेकोरेशन’ लिहिलेलं असतं, पावती नसते, आणि खडक कुठला हे विचारलं की उत्तर मिळत नाही. मी असा खडक घेणं बंद केलं आहे. पण नव्याने टाकी लावणाऱ्या मुलाला ‘हा घेऊ नकोस’ असं सांगितल्यावर तो विचारतो, ‘मग कोणता घेऊ?’ त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे फार थोडं आहे. त्यात आमच्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात ब्रह्मपुरीचं नाव राज्यातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत असतं. ओल्या कागदात गुंडाळलेला खडक त्या उन्हात दोन दिवस प्रवास करून येतो, तेव्हा आतले जीव मेलेले असतात आणि खोकं उघडताच दुर्गंधी सुटते. म्हणजे समुद्राचं नुकसान झालं, पैसे गेले आणि हाती काहीच आलं नाही.

ही टंचाई एकट्या भारताची नाही. लाइव्ह रॉकचा मोठा निर्यातदार असलेल्या फिजीने 2017 च्या अखेरीस ती निर्यात थांबवली, पुढच्याच वर्षी इंडोनेशियाने प्रवाळांची निर्यात रोखली, आणि जगभरच्या बाजारांना त्याची झळ बसली. पण फ्लोरिडाची वाट मला अधिक शिकण्यासारखी वाटते. त्या राज्याने आपल्या समुद्रातला नैसर्गिक लाइव्ह रॉक उचलायला 1989 मध्येच बंदी केली, काही वर्षांत राज्याच्या हद्दीबाहेरच्या पाण्यातही ती लागू झाली. सोबत दुसरा रस्ता उघडला : समुद्रतळाचा तुकडा भाडेपट्ट्याने घ्यायचा, खाणीतला चुनखडक आणून तिथे टाकायचा, त्यावर जीव बसू द्यायचे आणि तोच खडक काढून विकायचा. अट एक : टाकलेला खडक तिथल्या नैसर्गिक खडकापेक्षा ओळखू येण्याइतका वेगळा हवा, नाहीतर त्यावर न पुसणारी खूण हवी.

ही अट वाचली तेव्हा मला आमच्या लाकूड डेपोची आठवण झाली. आमच्या भागात स्वतःच्या शेतातला साग तोडायचा तरी परवानगी लागते. नगावर हातोड्याचा शिक्का पडतो, मग टीपी, म्हणजे वाहतुकीचा पास, मिळते, आणि त्यानंतरच गाडी नाक्यावरून पुढे जाते. वनोपजाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 41 ने राज्याला दिला. या पद्धतीतला त्रास आम्ही पुष्कळ सोसला आहे, पण तिचं मोल आम्हाला कळतं. शिक्क्यामुळे चोरीचा साग आणि हक्काचा साग वेगळे पडतात. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला 27 एप्रिल 2011 रोजी बांबूचं टीपी पुस्तक मिळालं. जंगलावरचा सामूहिक हक्क तिला आधीच मिळाला होता. पण हे पुस्तक हाती येईपर्यंत त्या हक्काचा बांबू गावाबाहेर नेऊन विकता येत नव्हता. पुस्तक आलं, आणि गावाने आपला बांबू उघडपणे विकला. जंगल राखणारे आणि जंगलावर जगणारे यांच्यात तो कागद दुवा म्हणून उभा राहिला.

समुद्राच्या बाबतीत आपल्याकडे बंदी आहे, कागद नाही.

आपल्याच खात्याने अर्धं काम केलेलं आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साथीने क्लाउनफिशचं प्रजनन होतं आणि पिल्लं वाढवण्याचं काम किनाऱ्यावरच्या गटांना मिळतं. समुद्रातून मासा पकडायची गरज त्यामुळे कमी होते, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या गटाने वाढवलेला मासा विकत घेणारा माणूस त्याला ठेवणार कशात? मासा कायदेशीर आणि त्याच्या शेजारचा दगड चोरीचा, अशी टाकी आज घरोघरी उभी राहू शकते. माशासाठी घेतलेले कष्ट त्या दगडापाशी वाया जातात.

खडक तयार करणं अवघड नाही. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ यांचं मिश्रण ओतायचं. पाण्यात मीठ विरघळून गेलं की छिद्रं उरतात. सिमेंटचा क्षार उतरेपर्यंत तो खडक कित्येक आठवडे गोड्या पाण्यात ठेवावा लागतो, पाणी बदलत राहावं लागतं, इथे घाई करणाऱ्याचे मासे मरतात. त्यानंतर केंद्रातल्या जुन्या टाकीत, आधीपासून वसलेल्या खडकाशेजारी तो ठेवायचा. विरजणाच्या कवडीने दही लागतं, तसे जुन्या खडकावरचे जीव नव्यावर पसरतात. आपल्या कांदळवन उपजीविका योजनेत कालवे आणि शिनाणे यांची शेती होते, म्हणजे शिंपल्यांचा तोटा नाही. हात तेच, पाणी तेच, विकणारे गटही तेच.

आणि चुनखडक लागला तर चंद्रपूर जिल्हा देईल. कोरपना-राजुऱ्याकडच्या ज्या चुनखडकावर आमच्याकडचे सिमेंट कारखाने चालतात, तो अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. तो गच्च असतो, प्रवाळाइतका सच्छिद्र नाही, त्यामुळे त्याला एकट्याने ते काम जमणार नाही. त्यात नको ते धातू नाहीत ना, हेही तपासावं लागेल. पण कोकणचा किनारा बहुतेक बेसाल्ट आणि जांभ्याचा. आमचा राखी चुनखडक त्यात लगेच ओळखू येईल, आणि प्रवाळाशी तर त्याची गल्लत होणारच नाही. फ्लोरिडाची अट इथे आपोआप पुरी होते.

दाखल्याचं स्वरूप काय असावं, हे आपण आणि नागपूरच्या वनभवनातील मुख्य वन्यजीव रक्षकांनी मिळून ठरवावं. माझ्या मते ओततानाच प्रत्येक तुकड्यात गटाचा ठसा उमटवावा, वर्ष घालावं, आणि विक्रीसोबत क्रमांक असलेली पावती द्यावी. वनरक्षकाला दुकानात जाऊन ठसा पाहता आला, तर ठसा नसलेल्या खडकावर कारवाई करणं त्यालाही सोपं जाईल. आज प्रत्येक दगड प्रवाळ आहे की नाही हे ठरवायला तज्ज्ञ लागतो, तेवढे तज्ज्ञ कुठल्याच वनपरिक्षेत्रात नाहीत.

सुरुवातीला भाव थोडा जास्त पडला तरी चालेल. मी देईन, माझ्या ओळखीचे टाकीवालेही देतील. ऐरोलीच्या केंद्रात एका हंगामापुरता प्रयोग करून पाहावा, त्यातून निघालेल्या खडकाची किंमत जाहीर करावी, आणि विदर्भात पाठवायचा माल दिवाळीनंतर, थंडीत पाठवावा.

आपला नम्र,
खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारा एक नागरिक,
ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर